उसना हात

आगासकरांच्या घराण्यात नोकरी कधी मागावी लागली नाही, असे गिरगावातली जुनी माणसे सांगत. पणजोबा धाकजी यांना कंपनी सरकारच्या वखारीत घेतले ते कुळावर, "कोणाचा कोण?" एवढाच प्रश्न झाला आणि उत्तर ऐकताच किल्ल्या हातात पडल्या. आजोबा मोरोबा यांना गोदीत घेतले ते एका गोऱ्या कप्तानाच्या चिठ्ठीवर; ती चिठ्ठी पुढे चाळीस वर्षे देवघरात चांदीच्या डबीत राहिली आणि दसऱ्याला तिच्यावरही सोन्याची दोन पाने पडत. वडील दादाजी यांना कोर्टात नकलनवीस म्हणून घेतले ते अक्षरावर. न्यायाधीश बदलले तरी दादाजींची लेखणी बदलली नाही. चौथे तुळशीदास. त्यांना कशावर घेतले, हे मात्र घरात कोणी कोणाला सांगत नसे.

तुळशीदास परळच्या एका कापडगिरणीत हेडक्लार्क होते. वय बावन्न, डोक्यावर प्रभुशाई पगडी, नाकावर पोलादी काडीचा चष्मा, आणि स्वभावात संशय. संशय हा त्यांचा दोष नव्हे, धंदाच होता. आलेला कागद आधी उजेडाकडे धरून पाहायचा, मग त्याची घडी पाहायची, मग तो वाचायचा, आणि वाचून झाले की तो आणणाऱ्याच्या जोड्यांकडे पाहायचे, ही त्यांची रीत. पगडीखालच्या त्या कपाळाला एकतीस वर्षांत कोणी फसवले नाही, असे गिरणीचे शेठजी चारचौघांत सांगत.

अठराशे पंचाण्णव सालचा भाद्रपद. घरचे गणपती पोचवून आठ दिवस झाले होते. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी पदवीधर कारकून हवा, अर्ज स्वहस्ताक्षरात करून हेडक्लार्क तुळशीदास आगासकर यांच्याकडे पाठवावा, अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली होती. सत्तावीस अर्ज आले. पंचवीस तुळशीदासांनी बाजूला सारले आणि दोन समोर ठेवले. एक दौलतरावांचा: मुंबई विद्यापीठाचे बी. ए., वडील हायकोर्टात वकील, खेतवाडीत दुमजली घर. दुसरा कोणा रमाकांताचा: उत्तरेकडच्या एका नव्या विद्यापीठाचा बी. ए., मूळ गाव सागर, हल्ली मुक्काम फणसवाडी.

तुळशीदासांनी एक अर्ज उजेडाकडे धरला. मग दुसरा धरला. मग दोन्ही एकदम धरले, आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

दोन्ही अर्जांचे अक्षर एकच होते.

नुसते एकच नव्हते. इंग्रजी 'जी' या अक्षराचे शेपूट खाली जाऊन डावीकडे वळायचे, ते इथे उजवीकडे वळले होते, कोळ्याच्या गळासारखे टोकदार. असे शेपूट काढणारा माणूस उभ्या मुंबईत एकच, असे तुळशीदास समजत होते. तो माणूस म्हणजे ते स्वतः. शेजारीच त्यांनी नुकतेच लिहिलेले लिव्हरपूलचे पत्र वाळत पडले होते, आणि त्यातला प्रत्येक गळ त्यांच्याकडे पाहत होता.

"शिवा!" त्यांनी हाक मारली. शिवा हा कचेरीचा पट्टेवाला, मालवणकडचा. "बाहेर कोण आहे का?"

"एक झील उभो हा, तात्यांनू. सकाळी नवाक इलो. बस म्हटलंय तर बसणा नाय. बी. ए. हा म्हणता."

"बी. ए. असला तर उभाच राहणार. पाठव त्याला."

आत आला तो पंचविशीतला, सावळा, ताठ मानेचा तरुण. अंगातला कोट मागून आणलेला असावा; बाह्या मनगटाच्या वरच संपल्या होत्या. जोडे जुने, पण पुसलेले.

"रमाकांत तूच? सागर म्हणजे कुठे आलं?"

"मध्य प्रांतात. आमचे पूर्वज पेशव्यांच्या काळी तिकडं गेले, ते तिकडलेच झाले."

"मुंबईच्या परीक्षेला किती वेळा बसलास?"

"एकदाही नाही, तात्यासाहेब."

"सगळे असंच सांगतात. इथं दोनदा आपटायचं, तिसऱ्यांदा आगगाडीत बसायचं, आणि जिथल्या परीक्षकाला दया येते तिथली पदवी घेऊन परत यायचं. काय?"

"मी मुंबई पाहिली तीच मुळी गेल्या माघात. न पाहिलेल्या गावात नापास कसा होणार?"

दाराशी शिवा खोकला. त्या खोकल्यात हसू होते, हे तुळशीदासांना कळले.

"जीभ चालते तुझी. कचेऱ्या किती झाल्या?"

"अकरा. आधी अर्ज वाचतात, मान डोलावतात. मग विद्यापीठाचं नाव येतं आणि कागद परत देतात. एका ठिकाणी तर साहेबानं नकाशा मागवला. गाव सापडलं, पण नोकरी नाही सापडली."

"ही बारावी. ही हुकली तर?"

रमाकांत पहिल्यांदाच घुटमळला. "तर परवा सागरची गाडी. फणसवाडीत चुलत चुलत्यांनी आठ महिने ठेवून घेतलं; आता त्यांच्या घरी सून यायची आहे, जागा नाही. तिकडं आई आहे, बहीण लग्नाची आहे. किराणा दुकानात वह्या लिहीन. बी. ए. आहे हे त्यांना सांगणार नाही, म्हणजे ठेवतील."

तुळशीदासांनी दोन्ही अर्ज टेबलावर त्याच्यासमोर सरकवले. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"दोन्ही?"

"दोन्ही. माधवबागेच्या पायऱ्यांवर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. चार आणे घेतो. दौलतरावांचा नोकर येऊन लिहून घेऊन गेला."

"हा तुझ्याच जागेसाठी आहे, हे तुला कळलं नाही?"

"दुसऱ्या ओळीलाच कळलं."

"मग थोडा वाकडा लिहायचास, मूर्खा!"

"घेतलेलं काम वाकडं करायला आमच्या मास्तरांनी शिकवलं नाही. आणि खरं सांगू? त्यांचं विद्यापीठ मोठं. लिहायला मजकूर भरपूर होता."

"कोण मास्तर?"

"चिंतामणी मास्तर. सागरच्या शाळेत होते. हे अक्षर त्यांचंच. छडी कधी मारली नाही, पण 'जी'चं शेपूट चुकलं की पान पुन्हा लिहायला लावत." बोलता बोलता त्याची नजर वाळत पडलेल्या पत्रावर गेली. ती तिथे थांबली. मग त्याने ती उचलून खिडकीबाहेर नेली.

त्याचे न बोलणेच तुळशीदासांना जास्त झोंबले. "काय सांगून पाठवलं तुझ्या मास्तरांनी?"

"मास्तर गेले, तात्यासाहेब. पौषात. जाताना एवढंच म्हणाले, की मुंबईस जा, तिथं लिहित्या हाताला कामाचा तोटा नाही."

"माझं नाव घेतलं?"

"तुमचं नाव मी जाहिरातीत वाचलं."

तुळशीदासांचा यावर विश्वास बसला नाही. बावन्न वर्षांचा माणूस असल्या योगायोगांवर विश्वास ठेवत नसतो. मेलेल्या माणसाने आपला हात कापून या पोराच्या मनगटाला जोडला आहे आणि वसुलीला धाडला आहे, असे त्यांना वाटले. "उद्या दोन वाजता ये," ते म्हणाले. "शेठजी स्वतः पाहणार आहेत."

परळहून भायखळ्यापर्यंत पायी, आणि तिथून घोड्यांच्या ट्रामने पुढे, असा त्यांचा रोजचा रस्ता. त्या संध्याकाळी ट्राम आली आणि गेली. ते चालतच राहिले.

चौसष्ट साली कापसाला सोन्याचा भाव होता. कोटातल्या पेढ्यांना कारकून पुरत नव्हते. शेठजींच्या वडिलांच्या पेढीवर जागा निघाली. अर्ज स्वहस्ताक्षरात हवा होता, आणि नकलनवीस दादाजींचा हा मुलगा जन्माचा डावखुरा. डाव्या हाताने सरस्वतीला शिवू नये म्हणून पंतोजींनी त्याच्या डाव्या बोटांवर रूळ मारले होते. उजव्याने तो लिही, तेव्हा कागदावरून खेकडा गेल्यासारखे दिसे. मग त्याने वर्गमित्राला गाठले. ठाकूरद्वारच्या खानावळीत आचारी होता, त्याचा मुलगा चिंतामणी. बुद्धीने शाळेत पहिला, अक्षर असे की मास्तरांनी ते भिंतीवर लावावे. चिंतामणीने अर्ज लिहून दिला. त्याने स्वतःचाही केला होता, त्याच जागेसाठी, त्याच शाईने. पेढीवर विचारले गेले, "कोणाचा कोण?" मोरोबांचा नातू म्हटल्यावर तुळशीदासांचा अर्ज उघडला. आचाऱ्याच्या मुलाचा अर्ज कोणी उघडलाही नाही.

"सहा महिने थांब," तुळशीदास तेव्हा म्हणाले होते. "बस्तान बसलं की तुझं नाव मी पुढे करतो. माझा शब्द."

शब्द दिला तेव्हा तो खरा होता. पण पेढीवर रोज चिंतामणीचे अक्षर काढावे लागे, आणि उजव्या हाताने ते अक्षर आणता आणता तुळशीदासांची सहा महिने त्रेधा उडाली. आले, तेव्हा हुबेहूब आले. आता चिंतामणीला पेढीवर आणायचे म्हणजे एका कचेरीत एकच अक्षर दोन माणसांचे. कोणीही विचारले असते, यातले मूळ कोणाचे? तुळशीदास आज करू, उद्या करू म्हणत राहिले. चिंतामणी वर्षभर थांबला. मग तो सागरला मास्तर होऊन गेला. जाताना भेटायला आला, तेव्हा तुळशीदास घरात असून बाहेर गेल्याचा निरोप दिला गेला. तो निरोप पुतळाबाईंनी दिला होता. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या.

पुतळाबाईंनी त्या संध्याकाळी ताट वाढले, आणि नवऱ्याने पहिला घास हातात धरून ठेवलेला पाहिला.

"मीठ जास्त झालंय का?"

"नाही."

"मग गिरणी बुडाली?"

"चिंतामणी गेला," तुळशीदास म्हणाले.

पुतळाबाईंनी पळी भांड्यात ठेवली. मग म्हणाल्या, "कोणी सांगितलं?"

तुळशीदासांनी सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "त्या पोरानं माझं पत्र पाहिलं. त्याला सगळं ठाऊक आहे. नाहीतर अकरा कचेऱ्या सोडून नेमका माझ्याच दारात कशाला येईल?"

"अकरा सोडून नाही, अकरा करून आला," पुतळाबाई म्हणाल्या. "तुम्हांला जगात सगळेच चोर दिसतात. का दिसतात, ते मी लग्नापासून पाहते आहे. सकाळी उठून डावा हात उपरण्यानं कमरेला बांधायचात आणि उजव्यानं पाटीवर गळ काढत बसायचात. ती गाठ कोण सोडायचं? घट्ट बसायची, माझी नखं तुटायची."

"हळू बोल."

"तीस वर्षं हळूच बोलतेय. तो दारात आला होता तेव्हाही हळूच बोलले, 'घरी नाहीत' म्हणून. तुमचे जोडे उंबऱ्यात होते. त्यानं जोड्यांकडे पाहिलं, मला 'येतो वहिनी' म्हणाला आणि जिना उतरला. हात त्याचा, खुर्ची तुमची, आणि खोटं माझ्या तोंडातून." त्यांनी ताटात भात वाढला. "जेवा. अन्नाला काय त्याचं."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता शेठजींच्या खोलीत सगळे जमले. शेठजी भाटिया, पन्नाशीचे. इंग्रजी अडखळत वाचत, मराठी घरच्यासारखे बोलत. दौलतराव घरच्या गाडीतून आले होते आणि खुर्चीवर बसले होते. रमाकांत भिंतीपाशी उभा होता.

शेठजींनी दोन्ही अर्ज हातात घेतले आणि बराच वेळ खालीवर केले. मग ते हसले. पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही.

"तुळशीदास, हे काय? दोन्ही अर्ज तुम्हीच लिहिले?"

"नाही शेठजी."

"अरे भाई, एकतीस वरसं मी तुमचं अक्षर पाहतो. माझ्या बापानं पाहिलं. चीनपर्यंत ते ओळखतात. आणि मला सांगता नाही? यातला भाचा कोण ते सांगा. हा गाडीवाला की हा भिंतीवाला?"

तुळशीदासांच्या कानशिलात रक्त चढले. त्यांच्या आयुष्यात संशय नेहमी टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला जात आला होता.

दौलतरावांनीच तोंड उघडले. "शेठजी, माझा अर्ज मी माधवबागेतल्या कोणा लेखनिकाकडून लिहवून घेतला. त्यात एवढं काय? पदवी माझी आहे, ती काही लेखनिकाची नव्हे. कारकुनी काम कारकुनाकडून करून घ्यावं, हेच तर माणसानं शिकायचं असतं."

शेठजी खदखदून हसले. "हा धंद्यात पुढे जाईल!"

"तो लेखनिक मी," भिंतीपाशी रमाकांत म्हणाला. दौलतरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्यांना खरोखरच नवल वाटले आणि थोडी लाजही. "मला माहीत नव्हतं हो," ते पुटपुटले.

"आणि तुझं अक्षर तुळशीदासासारखं कसं?" शेठजींनी विचारले.

रमाकांतने एकदा तुळशीदासांकडे पाहिले. "शाळेत असंच शिकवलं, शेठजी," तो म्हणाला, आणि थांबला. मास्तरांचे नाव त्याच्या ओठांवर आलेले तुळशीदासांनी पाहिले. ते त्याने गिळलेलेही पाहिले.

शेठजी मागे रेलले. "ऐक, बेटा. तू हुशार असशील. पण माझ्या सुताच्या गाठी चीनला जातात. तिकडचा वेपारी गाठ फोडून सूत बघत नाही. वरची छाप बघतो. मोराची छाप म्हणजे माझ्या गिरणीचं सूत, खलास. त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाचं याहून चांगलं सूत ठेव, छाप अनोळखी असेल तर तो हात लावणार नाही. विद्यापीठ म्हणजे छाप. मुंबईची छाप कोटातली प्रत्येक पेढी ओळखते. तुझी छाप? मी कोणाला विचारू? कधी पाहिली नाही. उद्या चूक झाली तर लोक म्हणतील, शेठनं कुठला माणूस आणला. ह्याची चूक झाली," त्यांनी दौलतरावांकडे बोट केले, "तर म्हणतील, अरे, मुंबईचा बी. ए. असून चुकला! शेठला कोणी बोल लावणार नाही."

ते बोलणे खोटे नव्हते. अगदी हेच, जवळजवळ याच शब्दांत, तुळशीदासांनी आजवर कितीतरी उमेदवारांना सांगितले होते. आताही गप्प राहिले असते तर पुरे होते. पोर दुसऱ्या दिवशी सागरच्या गाडीत बसले असते आणि गळाच्या आकाराचे ते अक्षर पुन्हा मुंबईत एकाच माणसाचे राहिले असते.

"शेठजी," ते म्हणाले, "एकतीस वर्षं तुम्ही माझी छाप पाहिलीत. ती माझी नव्हे."

"म्हणजे?"

"चौसष्ट साली माझा अर्ज दुसऱ्यानं लिहिला. स्वहस्ताक्षरात म्हणून मी तो दिला. ज्यानं लिहिला त्यानंही अर्ज केला होता. तो आचाऱ्याचा मुलगा, म्हणून तुमच्या वडिलांच्या पेढीवर कोणी तो उघडला नाही. पुढे मी त्याचं अक्षर गिरवून गिरवून शिकलो. त्याला इथं आणण्याचा शब्द दिला आणि मोडला. त्याचं नाव चिंतामणी. तो सागरला मास्तर झाला. या मुलाला त्यानं शिकवलं. या खोलीत नक्कल कोणाची असेल, तर ती माझी आहे. हा मुलगा अस्सल आहे."

शेठजींच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. ते बराच वेळ तुळशीदासांच्या पगडीकडे पाहत राहिले, जणू ती कोणा दुसऱ्याच्या डोक्यावर आहे.

"पोराला वाचवायला बनवून तर सांगत नाही?"

तुळशीदासांनी टेबलावरची लेखणी उचलली आणि डाव्या हातात घेतली. दौतीत बुडवली. समोरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी आपले नाव लिहिले. ओळ चढणीला लागली होती, आणि लिहून झालेल्या अक्षरांवरून हाताची कड फिरून शाई फरफटली. पण ते अक्षर होते. पाचव्या वर्षापासून बंद असलेल्या खोलीतून कोणी पोर बाहेर यावे, तसे ते होते.

"हा माझा हात," ते म्हणाले.

शेठजींनी कागद उचलला, उजेडाकडे धरला, तुळशीदासांचीच रीत. मग खाली ठेवला.

"एकतीस वरसं," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि माल कधी खराब निघाला नाही." त्यांनी रमाकांतकडे पाहिले. "मला अजून खात्री नाही की हा तुमचा भाचा नाही. पण सूत फोडून एकदा बघू. तीन महिने. छाप नाही, तर जामीन पाहिजे. रजिस्टरात कोण लिहील, मी याला ओळखतो?"

"मी लिहितो."

"तुमच्या लिहिण्याची किंमत आता काय, तुळशीदास?"

शब्द लागायचा तिथे लागला. तुळशीदासांनी मान खाली घातली नाही. "माझ्या खुर्चीइतकी. ती मी जामीन ठेवतो."

शेठजी उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "दिवाळीच्या चोपडापूजनापर्यंत त्याला काम शिकवा. मग गिरगावात आराम करा. बापाच्या वेळचा माणूस, मी काढला असं कोणाला सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका." आणि मग दौलतरावांना म्हणाले, "तुमची काळजी नको, भाई. तुमच्या छापेला संध्याकाळपर्यंत दुसरी पेढी मिळेल." तसेच झाले.

कचेरीत नेमणुकीचे रजिस्टर होते, लाल कापडात बांधलेले. पेढीच्या काळापासून तेच चालत आले होते. शिवाने ते काढून ठेवले आणि धूळ फुंकली. रमाकांतच्या नावासमोर ओळख देणाऱ्याची जागा होती. तुळशीदासांनी डाव्या हाताने तिथे लिहिले: चिंतामणी मास्तरांच्या हाताने या कचेरीचे काम एकतीस वर्षे झाले, त्याच हाताच्या ओळखीवर यास घेतले आहे. खाली सही केली. मग पाने मागे उलटली, चौसष्ट सालापर्यंत. तिथे त्यांच्या नावापुढे लिहिले होते, 'अर्ज स्वहस्ताक्षरात'. त्यांनी ते शब्द खोडले आणि वर लिहिले, 'अर्ज चिंतामणीच्या हातचा'.

"तात्यांनू," शिवा घाबरून म्हणाला, "डाव्या हातान? रजिस्टराची पूजा होता दिवाळेक!"

"होऊ दे," तुळशीदास म्हणाले. "यंदा खरी होईल."

रमाकांत बाजूला उभा राहून पाहत होता. अखेर त्याने विचारले, "तात्यासाहेब, काल मी तुमचं पत्र पाहिलं. तेव्हा मला वाटलं, मास्तर तुमच्याकडे शिकले असतील."

तुळशीदासांनी त्याच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर त्यांनी काल कितीतरी शोधले होते. तिथे एवढेच होते. "नाही," ते म्हणाले. "मी त्यांच्याकडे शिकलो. त्यांना ते ठाऊक नव्हतं. ते बघ, लिव्हरपूलचं पत्र राहिलंय. बस. आता तू लिही." आणि आपल्या खुर्चीवरून उठून ते बाजूच्या बाकावर बसले.

त्या संध्याकाळी ते ट्रामने घरी आले. जिन्यावर जोडे काढले. पुतळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मोरीशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचे हात पाहिले. उजवा स्वच्छ होता. डाव्याची कड करंगळीपासून मनगटापर्यंत काळी झाली होती.

"फिटलं?" त्यांनी विचारले.

"फिटलं. सगळं."

पुतळाबाईंनी तांब्या कलता केला आणि उजव्या हातावर पाणी घातले. डाव्यावर घातले नाही. त्यावरची शाई त्यांनी तशीच राहू दिली.